झोपायची गाडी, बसायची गाडी

आमच्या घरात झोपलेल्या माणसाच्या अंगाला टेप लावत नसत. आम्ही शिंपी. मैसूरच्या अग्रहारात पुढे दुकान आणि मागे घर, मध्ये फक्त एक पडदा. तापानं पडलेल्या पोराचा सदरा शिवायचा असला तरी त्याला आधी उठवून बसवत, आई पाठीला हात देई, आणि मगच अप्पा माप घेत. आडव्या माणसाचं माप एकदाच घेतात, शेवटच्या कापडासाठी, असं आजोबांनी सांगून ठेवलं होतं. हे आजोबा म्हणजे आईचे वडील, बेट्टदपुरचे. अप्पा पोरवयात त्यांच्याच दुकानात काज-बटण करत शिकले आणि पुढे त्यांचेच जावई झाले. गुरू आणि सासरा एकाच माणसात आल्यावर त्याचा शब्द मोडायची कुणाची छाती होणार? अप्पांनी तर कधी तसा विचारही केला नसेल.

आई माळ्यावरून पडली तेव्हा मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. शाळा उघडायच्या आधीचे दिवस. गणवेशाच्या कापडाची थानं माळ्यावर रचलेली, आणि दुकानातल्या दोघा कारागिरांनाही सवड नाही म्हणून ती स्वतः शिडीवर चढली. थान खाली आलं आणि तीही आली. डॉक्टरांनी मणक्याचं काहीतरी सांगितलं, ते अप्पांनी नीट ऐकलं आणि मला सांगताना निम्मं विसरले. मला एवढंच कळलं की कमरेखाली तिला आता काहीच कळणार नाही. उठवून बसवलं की पाचेक मिनिटांत तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येई. म्हणून दुकानामागच्या मधल्या खोलीत तिची खाट आली आणि घर त्या खाटेभोवती फिरायला लागलं.

त्या दिवसांतलं मला काय आठवतं, तर आवाज. पडद्यापलीकडे पायमशिनी चालायच्या, मध्येच थांबायच्या, पुन्हा सुरू व्हायच्या. अलीकडे आई अवरे, म्हणजे पावटे, सोलायची. थंडीच्या दिवसांत मैसूरला अवरेकाईच्या शेंगांचा वास गल्लीभर असतो. त्यातले दाणे रात्रभर भिजवायचे आणि चिमटीत दाबून सालीतून काढायचे. आई उताणी पडून, छातीवर परात ठेवून, तासन्‌तास तेच करी. एकेक दाणा परातीत पडे, कधी उडून तिच्या गळ्याशी जाई, मग ती तो उचलून तोंडात टाकी. त्याची आमटी आणि तांदळाची रोटी आम्ही रोज खायचो. आज माझ्या घरी सोललेले दाणे पाकिटात येतात. चव तीच असते बहुतेक, मला काही फरक सांगता येत नाही.

मी कॉलेज सोडलं. सोड म्हणून कुणी सांगितलं नव्हतं, एक दिवस गेले नाही आणि मग गेलेच नाही. आईला कुशीवर वळवायचं, पाठीला पावडर लावायची, चादरीची सुरकुती काढायची, पुन्हा वळवायचं. लोक येऊन माझ्याकडे बघत चुकचुकत आणि म्हणत, पोरगी किती करते. मला काही वाटत नसे. वाईट नाही, राग नाही, दयासुद्धा नाही. हात आपोआप चालत. आईच्या पायांना जसं कळत नव्हतं तसंच मला आतून कळत नव्हतं, आणि ते तिच्या लक्षात आलं होतं. तिच्या लक्षात न येईल असं त्या घरात फारसं काही नव्हतं.

तिची मागणी एकच होती. बेट्टदपुरला जायचं, आजोबांना भेटायचं. ते ऐंशीच्या पुढचे, दम्यानं खिळलेले, त्यांना बसचा धूर सोसत नव्हता. आई पडल्यापासून त्यांनी तिला पाहिलं नव्हतं. ते तिकडे पडून, ही इकडे पडून, आणि मध्ये जेमतेम अर्ध्या दिवसाचा रस्ता. दोघांतलं कुणीतरी आधी जाणार, हे सगळ्यांनाच दिसत होतं. अप्पा म्हणाले, ॲम्ब्युलन्स ठरवू. आई म्हणाली की त्या गाडीतून ती दवाखान्यातून घरी आली तेवढं पुरे. माहेरी काय भोंगा वाजवत जायचं? अख्खा गाव रस्त्यावर येऊन रडायला लागेल. मग अप्पा टॅक्सी म्हणाले, पण टॅक्सीत आडवं कसं पडणार? शेवटी एका एकादशीला, भजनाची माणसं चहा पिऊन गेल्यावर, आईनं सगळा विचार करूनच ठेवल्यासारखं सांगून टाकलं.

"शेजारचं दुकान घ्यायला पैसे ठेवलेत ना, त्यातून एक झोपायची गाडी घ्या," ती म्हणाली. "उरेल त्यात एक बसायची."

"दोन कशाला गं? सुम्ने दोन दोन गाड्या, दारात ठेवायला जागा कुठंय?" अप्पांच्या बोलण्यात हे सुम्ने सारखं येई. कन्नडात त्याचा अर्थ उगीच.

"झोपायची मला. बसायची पुट्टीला. आणि मजेची बघा हं, कामाची नको. काम ती करतेच आहे."

पुट्टी म्हणजे मी. कन्नडातलं छोटी. मी समोर बसून तिच्या पायाची नखं कापत होते. मला गाडी हवी की नको हे कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मला सांगता आलं नसतं. ड्रायव्हिंग मात्र येत होतं. कॉलेजात असताना आईनंच हट्टानं शिकायला पाठवलं होतं, तिला स्वतःला शिकायचं होतं ते राहून गेलं म्हणून.

पुढचे कितीतरी रविवार अप्पा गाड्या बघत हिंडले, आणि मी बरोबर. गळ्यात टेप. ती त्यांच्या गळ्यात जानव्यासारखी असायचीच, पण गाडीच्या दुकानात गेल्यावर लोक बघत. तिथला टाय घातलेला मुलगा इंजिनाची ताकद सांगायला लागे, ॲव्हरेज सांगायला लागे, आणि अप्पा ते सगळं आदरानं ऐकून घेत आणि मग म्हणत, मागचं दार उघडा. गुडघ्यांवर आत शिरत. टेपचं एक टोक माझ्या हातात दाराशी, दुसरं त्यांच्या हातात पुढच्या सीटच्या पाठीशी. एका डब्यासारख्या व्हॅनमध्ये लांबी भरपूर होती, पण ती खड्ड्यात अशी उसळली की अप्पांचं डोकं टपाला आपटलं. तिला त्यांनी तिथेच नमस्कार केला. कुठे डिकी खोल पण सीट मोडत नाही, कुठे सीट मोडते पण मध्ये उंचवटा. गिऱ्हाइकाच्या पाठीला पोक असावं आणि कोट सरळ पडू नये, तसं अप्पा त्या उंचवट्याकडे बघत.

मागच्याच महिन्यात माझ्या मुलाला हाच घोर पडला होता. बेंगळूरला दोन लेकरं, कुत्रा, सासू-सासरे, म्हणून एक लांब, सोयीची गाडी हवी, आणि त्याला स्वतःला चालवायला एक छोटी मजेची, सगळं बजेटात. त्यानं मला फोनवर तक्ते पाठवले. डिकी लिटरमध्ये मोजली होती. मी त्याला विचारलं, लिटरमध्ये माणूस कसा मावतो रे? त्यानं हसण्याचं चित्र पाठवलं.

गाडी मिळाली ती हुणसूरला, एका तंबाखूच्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये. जुनी स्टेशन वॅगन, ताकाच्या रंगाची, लांब पाठीची. मागची सीट मोडली की तळ सपाट, मध्ये उंचवटा नाही, आणि चाल मऊ. अप्पांनी टेप लावली. आईची उंची त्यांना तोंडपाठ होती, लग्न झाल्यापासून तिचं प्रत्येक कापड त्यांनीच बेतलेलं. त्या उंचीवर त्यांनी दोन इंच मार्जिन धरलं, कुठल्याही कपड्याला धरतात तसं, आणि गाडीचं माप बरोबर तिथे आलं. खात्रीसाठी मला झोपायला लावलं. मी आईएवढीच. तंबाखूच्या वासात मी उताणी पडले, टाच खाली, बोटं वर, आणि दार लागलं. काचेतून अप्पांचा चेहरा दिसला, आई पडल्यापासून इतका मोकळा चेहरा मी पाहिला नव्हता. त्याच शेडच्या कोपऱ्यात एक उघडी जीप होती. दोन सीटा, हुडाच्या चिंध्या झालेल्या, ड्रायव्हरच्या जागेवर एक कोंबडी अंड्यांवर बसलेली. अप्पांनी उरलेल्या पैशांचा हिशेब मनातच केला आणि व्यापाऱ्याला जीपचं विचारलं. तो हसत सुटला. पण त्यानं ती दिली, आपल्या माणसाकरवी आमच्या दारात पोचवली, कोंबडी मात्र ठेवून घेतली.

घरी आल्यावर आईनं स्टेशन वॅगनचं काहीच विचारलं नाही. जीपचं विचारलं. रंग काय? गंजका हिरवा. हॉर्न कसा आहे? मी बाहेर जाऊन वाजवून आले. घसा बसलेल्या म्हशीसारखा तो आवाज मधल्या खोलीत पोचला आणि आई हसली, इतकी की परात हलून अवऱ्याचे दाणे खाटभर सांडले. मी ते गोळा केले. आज मला त्या हसण्याचं मोल कळतं, तेव्हा मला फक्त दाणे दिसत होते. हुड शिवून देतो म्हणून अप्पांनी सांगितलं, पण लग्नसराईच्या कपड्यांची गर्दी होती, आणि जीप गल्लीत तशीच उभी राहिली. येणारे-जाणारे विचारत, काय शिंपीअण्णा, अंबारी कधी निघणार? मी तिच्यात एकदाही बसले नाही.

बेट्टदपुरला निघालो त्या पहाटे शेजारच्या चौघांनी आईला चादरीत उचलून गाडीत ठेवलं. खाली कापसाची गादी, पायांत पांढरे सुती मोजे, अंगावर तिनं स्वतः निवडलेली जांभळी साडी. अप्पांनी मागचं दार लोटलं, ते लागेना, मग त्यांनी जरा जोर लावला आणि ते लागलं. जुन्या गाडीची दारं अशीच असतात, असं ते म्हणाले. मी पुढे त्यांच्या शेजारी बसले. रस्ताभर आई खुशीत होती. तिला फक्त झाडांचे शेंडे आणि विजेच्या तारा दिसत होत्या, तेवढ्यावरून ती गाव ओळखायची. हा वड म्हणजे बिळीकेरे आलं. तंबाखू भाजायच्या भट्ट्यांचा वास आला की म्हणाली, हुणसूर. तिथे आम्ही कॉफी घेतली. बाजूच्या दारातून मी तिला चमच्यानं पाजली. मग ती विठ्ठलाचं एक भजन म्हणत राहिली, अर्ध्यात विसरून पुन्हा पहिल्यापासून, आणि अप्पा स्टीअरिंगवर बोटानं ठेका धरत होते. त्या गाडीत त्या सकाळी दोन माणसं सुखी होती, हे मी खात्रीनं सांगू शकते.

डोंगर दिसला, त्यावरचं देऊळ दिसलं, आणि आजोबांच्या दारात गाडी उभी राहिली. ते काठीवर भार देऊन बाहेर येऊनच थांबले होते. अप्पांनी मागचं दार उघडलं आणि तसेच उभे राहिले. आईचे दोन्ही मोजे पुढून लाल झाले होते. दाराच्या कडीचा लोखंडी ओठ तिच्या बोटांत घुसला होता, अख्खा रस्ता, प्रत्येक खड्ड्याला. एका अंगठ्याचं नख उलटलं होतं.

"काय झालं?" आईनं आतून विचारलं. "सगळे गप्प का झालात? बाबा कुठायत?"

तिला काहीच कळलं नव्हतं. मी मोजा काढला, नळाखाली कापड भिजवून आणलं, बोटं पुसली. माझे हात चालले होते. अप्पा मात्र गाडीला टेकून खाली बसले आणि दोन्ही तळव्यांनी तोंड झाकून घेतलं. आजोबा आधी पायांकडे, मग दाराकडे, मग जावयाकडे बघत राहिले. भिजलेल्या कापडावर माझी बोटंही लाल झाली होती. आईला काय झालं ते सांगून आत नेलं, पडवीत चटईवर निजवलं, तेव्हाही आजोबा दारातच उभे होते.

"माप कसलं धरलंस?" त्यांनी विचारलं.

"उभीचं," अप्पा म्हणाले. "नेहमीचं. दोन इंच मार्जिन धरून."

आजोबांनी हात पुढे केला. "टेप दे."

"मामा, नको." अप्पांनी गळ्यातली टेप मुठीत धरली. "झोपलेल्या माणसाला नको."

"घेऊ दे हो," आई म्हणाली. ती आजोबांकडेच बघत होती. "बाबा, घ्या. टेप लावल्यानं कोण मरतंय? पायाला भोकं पडल्यानं मी मरले नाही."

आजोबा काठी भिंतीला लावून हळूहळू खाली बसले. दम लागला होता, तो जाईपर्यंत त्यांनी लेकीच्या कपाळावर हात ठेवला. मग टेपचं टोक तिच्या डोक्याशी माझ्या बोटाखाली दिलं आणि ती सोडत सोडत पायांपर्यंत गेले, वाटेत कुठे चुणी पडली तर अंगठ्यानं सारखी करत. आईची पावलं पुढे झुकली होती. अंगात जीव नसलेली पावलं तशीच पडतात, नाचणारीनं चवडे ताणावेत तशी. मी गाडीत झोपले तेव्हा माझी बोटं वर होती. आजोबांनी अंगठ्याच्या टोकाला टेप धरली, आकडा बघितला आणि तो मोठ्यानं वाचला. अप्पांचं दोन इंच मार्जिन धरूनही तीन बोटं जास्त होता.

"पाय टेकलेला नसला की पाऊल लांबतं," ते म्हणाले. "हे तुला मी कधी शिकवलं नाही. माझंच राहिलं."

मग त्यांनी टेप गुंडाळली, अप्पांच्या हातात दिली आणि आत सुनेला ओरडून सांगितलं की रोट्या टाक, पोरं उपाशी आहेत. दुपारभर आई आणि आजोबा शेजारी शेजारी पडून होते, एक चटईवर, एक खाटेवर. काय बोलले ते मी ऐकलं नाही. मध्येच दोघांना झोप लागली होती आणि दोघांचीही तोंडं उघडी होती. पावसाळा लागायच्या आत आजोबा गेले. पण त्या दुपारी ते भेटले होते, आणि हे बेट्टदपुरला जाणं नसतं घडलं तर आई उरलेली वर्षं कशी जगली असती, याचा विचार मी करत नाही.

परत आल्यावर अप्पांनी स्टेशन वॅगनची पुढची डावी सीट काढून टाकली. आता आईचं डोकं पार पुढे, अप्पांच्या शेजारी, आणि पाय मागच्या काचेशी, दारापासून चांगले चार बोटं आत. गादीला तिथे अप्पांनी कॅनव्हासचा कप्पा शिवला, त्यात पावलं बसत. फक्त आता त्या गाडीत माझ्यासाठी जागा उरली नाही. तेव्हा कुठे जीपचा हुड झाला. हिरवी ताडपत्री, दप्तरं शिवायच्या मशिनीवर दुहेरी टाके, कडेला पितळी रिंगा. अप्पांनी तिचंही माप घेतलं होतं, पण या वेळी प्रत्येक ठिकाणी दोनदा. आईनं मजेची म्हणून घ्यायला लावलेली गाडी अशी कामाची झाली, आणि त्याबद्दल ती बरेच दिवस कुरकुरत होती.

मग आम्ही जायला लागलो. दवाखान्यात, बेट्टदपुरला, कधी नुसतं हुणसूरपर्यंत कॉफीला. पुढे ताकाच्या रंगाची लांब गाडी, मागे माझी जीप, आणि काचेत आईचे दोन तळवे. मला तिचं एवढंच दिसे. दुसऱ्या का तिसऱ्या खेपेआधी तिनं मला लाल नेलपॉलिशची बाटली आणायला लावली. आयुष्यभर तिनं हाताच्या नखांनासुद्धा काही लावलं नव्हतं. म्हणाली, मागून तुला एवढंच दिसतं ना, मग जरा बरं दिसू दे. आणि स्वतःजवळ एक हातआरसा ठेवला. पडल्या पडल्या तो वर धरून ती पावलांवरून मागे, काचेपलीकडे बघायची. मला ते ठाऊकच नव्हतं, एकदा घरी आल्यावर तिनं विचारलं म्हणून कळलं.

"आज बिळीकेरेच्या पुढे गात होतीस अल्वा, हो ना?"

मी नाही म्हणाले.

"तोंड हलत होतं की."

"बसवाल्याला शिव्या देत होते."

"साकु," ती म्हणाली, म्हणजे पुरे, एवढं खूप झालं. आणि परात छातीवर ओढून घेतली. मी त्या रात्री जेवताना दुसरी रोटी मागून घेतली होती, ते अप्पांनी मला पुढे कित्येक वर्षांनी सांगितलं. पुढच्या जूनमध्ये मी कॉलेजात परत गेले, जीप घेऊन.

आई आणखी काही वर्षं राहिली. ती गेली त्या सकाळी घर माणसांनी भरलं, आणि कुणीतरी जाणता माणूस कापडाचं बघायला पुढे आला. त्यानं अप्पांकडे टेप मागितली. ती नेहमीसारखी गळ्यात होती. अप्पांनी ती काढली आणि गुंडाळून खिशात घातली.

"माप आहे," ते म्हणाले, आणि आकडा सांगितला.

दुसरी गाडी आणायला कुणाला जाऊ दिलं नाही. आई तिच्याच गाडीतून गेली, तिच्याच गादीवर, पावलं कप्प्यात. बायका जात नाहीत, असं कुणीतरी मला सांगितलं, तोवर मी जीप सुरू केली होती. नखांचा रंग आदल्याच आठवड्यात मी नवा दिला होता. आरसा मागे घरातच राहिला होता. मी नेहमीइतकंच अंतर ठेवून चालवत होते.